कानांचें सोवळें

माझ्याजवळ एक जुनी हिशेबाची वही आहे. जाड पुठ्ठ्याची, पाठीला तांबडें कापड लावलेली. सन १९७६ च्या डिसेंबरांत माझे ज्येष्ठ बंधु (घरांत सर्व त्यांना अण्णा म्हणत) मला प्रथमच पुण्यास सवाई गंधर्व महोत्सवाला घेऊन गेले, आणि परत आल्यावर त्यांनींच ही वही माझ्या हातीं दिली. ज्यांचें गाणें समोर बसून ऐकलें त्यांचें नांव, राग, स्थळ आणि तारीख, एवढेंच तींत लिहावयाचें. रेडिओवर किंवा तबकडीवर ऐकलेलें लिहावयाचें नाहीं, ही अण्णांची अट. कोणी कलावंत दिवंगत झाला, म्हणजे त्याच्या नांवापुढें तांबड्या शाईनें ती तारीख घालावयाची, ही माझी पुस्ती. वहीचें शेवटचें पान मात्र निराळें आहे. त्याला ‘नवे’ असा मथळा असून, ज्यांच्याविषयीं लोक चांगलें बोलतात पण ज्यांना आपण अजून ऐकलेलें नाहीं, अशांचीं नांवें तेथें टिपून ठेवलेलीं आहेत.

सन २०२४ च्या जानेवारींत एका आठवड्यांत तांबडी शाई दोनदां काढावी लागली. ता. ९ ला कलकत्त्यास उस्ताद रशीद खां गेले आणि ता. १३ ला पुण्यास डॉ. प्रभा अत्रे गेल्या. प्रभाताईंचीं पानें सहज सांपडलीं. सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर यांच्याजवळ शिकलेली, विज्ञानाची आणि कायद्याची पदवी घेतलेली, सरगमेवर प्रबंध लिहून डॉक्टर झालेली ही विदुषी एक्क्याण्णव वर्षें जगली आणि उतारवयांतहि गात राहिली. दुःख झालें, पण तें पिकल्या पानाचें दुःख होतें. रशीद खांचें नांव मात्र मला वहींत कोठेंच दिसेना. पुन्हां पुन्हां पानें उलटलीं. अखेर माझ्या नातवानें, म्हणजे पुतण्याच्या मुलानें, बोट ठेवून दाखविलें, “आजोबा, हे काय, इथें आहेत ना!” शेवटच्या पानावर, ‘नवे’ या मथळ्याखालीं, तिसऱ्या ओळींत. समोर माझ्याच अक्षरांत साल होतें, १९९४.

मृत्युसमयीं त्यांचें वय अवघें पंचावन्न होतें. माझ्याहून दहा वर्षांनीं लहान असलेला हा मनुष्य तीस वर्षें माझ्या लेखीं ‘नवा’च राहिला, आणि नवा असतांनाच गेला.

संधि नव्हती असें म्हणण्याची सोय नाहीं. स्वतः भीमसेनांनीं त्यांच्याविषयीं मोठी आशा बोलून दाखविली होती. एके वर्षीं पुण्यांत त्यांचें गाणें चालू असतां मी मंडपाबाहेर चहा घेत उभा होतों. आंतून आलापांचे तुटक तुकडे कानांवर येत होते, आणि मी एका परिचित शिक्षकाशीं निवृत्तिवेतनाच्या नव्या नियमांची चर्चा करीत होतों! अण्णा आंत होते. बाहेर आल्यावर ते कांहीं वेळ बोललेच नाहींत, मग इतकेंच म्हणाले, “आज तूं काय घालविलेंस, तें तुला कळावयाचें नाहीं.” पुढें २००७ सालीं ‘जब वुई मेट’ या चित्रपटांतील रशीद खांचें गीत घरोघर वाजूं लागलें, तेव्हां तर मला आयतेंच निमित्त मिळालें. सिनेमांत गायला, म्हणजे संपलाच, असा निकाल मी न ऐकतां देऊन टाकला. भीमसेन आणि वसंतराव चित्रपटांसाठीं गायले होते, हें त्या वेळीं मला सोयिस्करपणें आठवलें नाहीं.

आमच्या लहानपणीं आजी सोवळ्यांत असली म्हणजे मुलांनीं तिच्या वाऱ्यासहि उभें राहावयाचें नसे. माझे कान असेंच सोवळें नेसून बसले होते. आणि तें सोवळें मला कोणीं नेसविलें, हें आतां सांगितलें पाहिजे. कारण दोष माझा असला तरी त्या थोर माणसांचें ऋण कांहीं खोटें नव्हे.

सर्वांत आधीं वसंतराव देशपांडे. लष्कराच्या हिशेबखात्यांत वर्षानुवर्षें नोकरी करणारा हा मनुष्य १९६७ सालीं ‘कट्यार काळजांत घुसली’ या नाटकांत खांसाहेब म्हणून उभा राहिला आणि महाराष्ट्राला त्याची खरी ओळख पटली. मीं त्यांचा मारवा ऐकला तो १९८० च्या सुमारास, सांगलींत, एका वाड्याच्या चौकांत. श्रोते फार तर साठ असतील. मारव्यांत पंचम मुळींच नाहीं. रिषभ कोमल, मध्यम तीव्र. पूरिया आणि सोहनी यांचेहि स्वर हेच. पण मारव्याचा जीव रिषभ आणि धैवत यांत असून षड्जाशीं त्याचें नातें मोठें विलक्षण आहे. षड्ज हें इतर रागांचें घर. मारवा त्या घराच्या दारावरून जातो, उंबऱ्याशीं क्षणभर थबकतो आणि पुन्हां वाट धरतो. सूर्य बुडालेला असावा, देवापाशीं दिवा अजून लागलेला नसावा, आणि शेजघरांतून कोणाचा तरी कण्हण्याचा आवाज यावा, तशी कांहींशी ती वेळ. वसंतराव त्या दारावरून इतक्या वाटांनीं गेले कीं, शेवटीं षड्जावर आले तेव्हां माझ्या शेजारीं बसलेल्या एका वृद्ध वकिलांनीं मोठ्यानें श्वास सोडला. ते ता. ३० जुलै १९८३ रोजीं गेले. त्या रात्रीं अण्णा पानावर बसले आणि आपोष्णी घेतल्यावर तसेच उठले.

मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या माझ्या वहींत नऊ नोंदी आहेत, आणि त्यांपैकीं चार ठिकाणीं रागाच्या जागीं प्रश्नचिन्ह आहे. धारवाडचा हा बारीक अंगाचा म्हातारा बसे, तंबोऱ्याकडे एकदां मान कलती करी, आणि जयपूर घराण्याच्या ठेवणींतील असा एखादा अनवट राग काढी कीं, जाणते म्हणविणारेहि एकमेकांकडे पाहूं लागत. नांव सांगण्याच्या भरीस तो पडत नसे. आलाप वेगळा आणि तान वेगळी असें त्यांच्या गाण्यांत नव्हतेंच. पहिल्या समेपासून एकच गोफ विणला जात असे. १९९२ हें साल मला विसरतां येत नाहीं. १२ जानेवारीस देवासला कुमार गंधर्व गेले, आणि १२ सप्टेंबरास मन्सूर. क्षयानें एक फुप्फुस निकामी झाल्यावर उरलेल्या श्वासाच्या मापानें नवें गाणें घडविणाऱ्या कुमारांविषयीं लिहूं लागलों तर हा लेख त्यांचाच होईल. भीमसेनांविषयीं मी लिहावें असें कांहीं उरलेलें नाहीं. रात्रभराच्या बैठकीनंतर तांबड्या डोळ्यांनीं आणि जड पायांनीं बसलेले हजारों लोक त्यांच्या एका षड्जानें ताठ झालेले मीं पाहिले आहेत, एवढेंच नमूद करतों. किशोरीताई मंडपांत कोणी कुजबुजलें तरी थांबत. मला त्याचें बरें वाटे, कारण कुजबुजणारा बहुधा माझ्या मागेंच बसलेला असे. त्या २०१७ सालीं गेल्या.

२०११ च्या जानेवारींत भीमसेन गेले आणि त्याच वर्षीं आषाढांत अण्णा. त्यानंतर वही जवळजवळ मिटलीच. कोणी नव्या गायकाचें नांव काढलें कीं, मी जुन्या फिती लावून बसें. लोकांना ती निष्ठा वाटे, मलाहि वाटे. परंतु या निष्ठेला एक काळी कड होती, आणि ती लिहिल्याशिवाय पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल.

माझी पुतणी, अण्णांची धाकटी कन्या, लहानपणापासून गाणें शिकत होती. २००६ सालीं दिवाळीच्या सुटींत आमच्याच माजघरांत तिची पहिली बैठक झाली. शेजारीपाजारी, माझे दोन-तीन सहकारी, असे तीस-पस्तीस जण होते. वेळ सायंकाळची, म्हणून तिनें मारवा घेतला. वय अवघें एकवीस. मी भिंतीला टेकून डोळे मिटून बसलों होतों, आणि खरें सांगावयाचें तर तिचें गाणें ऐकतच नव्हतों. मनांत सांगलीच्या त्या वाड्याचा चौक होता. बैठक संपल्यावर एका गृहस्थांनीं मला अभिप्राय विचारला. मी म्हणालों, “मारवा वसंतरावांबरोबर गेला. आतां मागें राहिलें आहे तें सूर्यास्ताचें वेळापत्रक.” लोक हंसले. वाक्य मलाहि आवडलें होतें. ती तंबोऱ्याला गवसणी घालीत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि मग तिनें नाडी नीट बांधली. रात्रीं अण्णा माझ्या खोलींत आले. म्हणाले, “ऐकावयाचें नव्हतें, तर अंगणांत जाऊन बसावयाचें होतेंस.” आयुष्यांत त्यांनीं मला लावलेला तो सर्वांत कठोर शब्द.

पुढें तिचें लग्न झालें. ती पुण्यास गेली. तेथें मुलांना गाणें शिकवूं लागली. सणावारीं येई, वांकून नमस्कार करी, माझ्या गुडघ्यांची चौकशी करी. परंतु मी घरांत असतांना तिनें पुन्हां कधीं तंबोरा गवसणींतून काढला नाहीं. सौ. नें एकदां आडून सुचविलें, कीं एक शब्द तिच्याशीं बोलावा. मीं तें ऐकून न ऐकल्यासारखें केलें. त्या कलेंत मी एव्हांना पारंगत झालों होतों.

येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. तीसहून अधिक वर्षें मीं मुलांना संस्कृत शिकविलें. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’ची प्रस्तावना माझी आवडती. भास, सौमिल्ल, कविपुत्र अशा नांवाजलेल्या जुन्यांना सोडून या आजच्या कवीचें नाटक कशासाठीं, ही शंका तेथें निघते, आणि सूत्रधार तिला उत्तर देतो. जुनेपणा हा गुण नव्हे आणि नवेपणा हा दोष नव्हे, हा त्याचा इत्यर्थ मीं किती पिढ्यांना फळ्यावर समजावून दिला असेल! अन्वय लावला, समास सोडविले, परीक्षेंत गुण दिले. कालिदास हाहि एके काळीं कोणाच्या तरी वहींत शेवटच्या पानावर होता, हें मला सुचलें नाहीं.

त्या जानेवारींत नातवानें आपल्या फोनवर रशीद खांचा मारवा लावला आणि तीं बारीक श्रवणयंत्रें माझ्या कानांत बसविलीं. बदायूंचा हा मुलगा निसार हुसेन खां यांच्याजवळ रामपूर-सहसवान घराण्याची तालीम घेत कलकत्त्याच्या संगीत संशोधन अकादमींत वाढला, एवढें मला वाचून ठाऊक होतें. पहिल्या पांच मिनिटांत मी तुलना करीत होतों. हें अमीर खांच्या तबकडीवरून आलें, तें भीमसेनांवरून, असा पंतोजीचा हिशेब चालला होता. मग ते मंद्रांत उतरले. धैवतावर आवाज असा ठेवला, जसें एखाद्यानें भरलेलें तपेलें न हिंदकळतां ओट्यावर ठेवावें. घाई नाहीं, धाक दाखविणें नाहीं. वसंतराव त्या घराच्या दारावरून वेगानें, वळसे घेत जात. हे अंगणांत येऊन उभे राहिले आणि उभेच राहिले. घर तेंच, पण मीं तें या बाजूनें कधीं पाहिलें नव्हतें. नातू म्हणाला, “आजोबा, दुसरा लावूं?” मी नको म्हणालों. अण्णांची अट मोडतां येत नाहीं. खांसाहेबांचें नांव वहींत शेवटच्या पानावरच आहे, समोर तांबडी तारीख.

त्या पानावरील उरलेलीं नांवें मग मीं एकेक करून हातीं घेतलीं. मंजिरी असनारे-केळकर ह्या तर आमच्याच सांगलीच्या. पं. मधुसूदन कानेटकर यांच्याजवळ त्यांनीं जयपूर घराण्याची विद्या घेतली, आणि मी त्याच गांवांत राहून मन्सूर गेले म्हणून हळहळत होतों! तो गोफ तुटलेला नाहीं. हुबळीचे जयतीर्थ मेवुंडी यांची तान ऐकतांना किराण्याची, विशेषतः भीमसेनांची वाट उघड दिसते. प्रथम मला ती नक्कल वाटली, दुसऱ्या खेपेस वारसा वाटला. पं. अजय चक्रवर्ती यांची कन्या कौशिकी हिची सरगम इतकी चपळ आहे कीं, माझ्यासारख्याला धाप लागते; क्वचित् टाळीसाठीं एक आवर्तन जास्त होतें असें मला वाटतें, पण ठुमरींत तिचा आवाज भिजतो तेव्हां तक्रार तोंडांत राहून जाते. नातवंडांची स्थिति मात्र खरोखर कठीण. कुमारांचे नातू भुवनेश कोमकली आणि वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांना ऐकावयास माझ्यासारखे लोक आजोबांची झडती घेण्यासाठीं येऊन बसतात. वसंतराव गेले तेव्हां राहुल चार वर्षांचाहि नव्हता. आपल्या आजोबांकडे जाण्याची वाट त्याला आमच्याप्रमाणेंच ध्वनिमुद्रणांतून शोधावी लागली, हें आम्हां श्रोत्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

२०२४ च्या डिसेंबरांत कित्येक वर्षांनीं पुन्हां सवाईला गेलों. १५ तारखेस झाकीर हुसेन गेले होते आणि त्याच आठवड्यांत महोत्सव होता; जो तो त्यांच्याविषयीं बोलत होता. आतां रमणबागेचें पटांगण नाहीं. मुकुंदनगरांत महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर मंडप असतो. पूर्वींप्रमाणें रात्रभर बैठकहि चालत नाहीं. रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आली तेव्हांपासून मालकंस, दरबारी यांसारखे उत्तररात्रीकडे झुकणारे राग आपल्या खऱ्या वेळेला मुकले. कायद्याचा हेतु चांगला आहे, रुग्णांना व अभ्यास करणाऱ्या मुलांना झोंप मिळालीच पाहिजे. तरी पहाटेच्या थंडींत ललत ऐकतां ऐकतां उजाडलेलें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना ही हानि कोणत्याहि फितींतून भरून काढतां यावयाची नाहीं. सायंकाळच्या रागांचें तेवढें वैभव शाबूत आहे.

तिसऱ्या दिवशीं मंडपाकडे न जातां मी पुतणीच्या घरीं गेलों. आधीं कळविलें नव्हतें. दिवेलागणीची वेळ होती. बाहेरच्या खोलींत सतरंजीवर चार मुली बसल्या होत्या आणि ती त्यांना शिकवीत होती. एक मुलगी पुन्हां पुन्हां षड्जावर येऊन टेकत होती. पुतणी तिला सांगत होती, “इतक्यांत घरीं जाऊं नको. बाहेर थांबावयास शीक.” मला पाहून ती उठली, वांकली, वेताची खुर्ची पुढें ओढली. मीं खुर्ची बाजूला सारली आणि गुडघ्यांना न विचारतां सतरंजीच्या कोपऱ्यावर बसलों. मुली गेल्या. चहा झाला. मग मी म्हणालों, “पोरी, अठरा वर्षांपूर्वीं मी जें बोललों—”

“काका,” ती म्हणाली, “तेव्हां मी वाईटच गायलें होतें. माझा षड्ज दोनदां उतरला होता, तंबोराहि नीट लागलेला नव्हता. तुम्ही तें सांगितलें असतें, तर मी रात्रभर बसून रियाज केला असता. पण तुम्हीं ऐकलेंच नव्हतें.”

यावर मीं काय बोलावें? बाहेर कोठें तरी देवळांत घंटा वाजली. ती उठली आणि कोपऱ्यांतला मिरजेचा तंबोरा उचलून माझ्यापुढें आणला. अण्णांनीं तिला घेऊन दिलेला तो. “पंचमाची तार निषादावर लावलेली आहे,” ती म्हणाली. “धरतां का? मुली गेल्या, मागें कोणी नाहीं.”

माझीं बोटें आतां पूर्वींसारखीं नाहींत. पहिल्या कांहीं फेऱ्यांत तार चुकली; तिनें मागें न पाहतां हातानेंच लय दाखविली. मग ती गाऊं लागली. आवाज आतां भरदार झाला आहे, वरच्या सप्तकांत किंचित् जाड. मध्यमावरून धैवताकडे जातांना ती एक बारीक वळण घेते. तें वसंतरावांचें नाहीं, रशीद खांचेंहि नाहीं. कोणाचें तें मला ओळखतां आलें नाहीं. पाऊण तास ती गायली, आणि दोन ठिकाणीं रिषभ मला किंचित् चढा वाटला. तें मीं तिला सांगितलें. एका ठिकाणाविषयीं ती कबूल झाली, दुसऱ्याविषयीं वाद घालूं लागली, आणि त्या वादांत जेवणाची वेळ टळून गेली.

दुसऱ्या दिवशीं एस्. टी. नें सांगलीस परत निघालों. वही घरींच होती. म्हणून तिकिटाच्या मागच्या बाजूस तिचें नांव, राग, स्थळ आणि तारीख लिहून घेतली आणि तें तिकीट चष्म्याच्या घरांत घडी करून ठेवलें.